सोळाव्या हिरवळीचं पाणी

आमच्या ह्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या खेळाला पाणी पाजलं. स्वतः कधी एक चेंडू मारला नाही.

बेटाच्या टोकाला, जिथे रस्ता संपतो आणि पुढे नुसता समुद्र, तिथे ते गोल्फचं रिसॉर्ट होतं. तीन बाजूंना पाणी, चौथीकडे दाट झाडी. होडी आठवड्यातून दोनदाच यायची, मंगळवारी आणि शुक्रवारी. पाहुणे एवढ्या आडबाजूला यायचे, कारण तिथे दुसरं कुणी येत नाही. आणि येऊन करायचे काय, तर काठीने चेंडू लांब घालवायचे आणि मग त्याच्यामागे उन्हातून चालत जायचे. लग्न होऊन तिथे गेले तेव्हा मी ह्यांना विचारलं, "अहो, चेंडू एवढा हवाच आहे तर फेकतात कशाला?"

"हळू बोल," हे म्हणाले, "त्याच्यावरच आपली चूल पेटते."

मी चादरीखोलीत होते. पाहुण्यांच्या चादरी, अभ्रे, पंचे धुऊन यायचे, मी इस्त्री करून घड्या घालायची. बत्तीस वर्षं घातल्या. त्यांतल्या एकाही चादरीवर कधी पाठ टेकली नाही. आमची खोली मागे, नोकरांच्या ओळीत. दोन माणसं, एक खाट, एक खिडकी, आणि खिडकीतून दिसायची ती धुण्याची दोरी.

ह्यांचं काम पाण्याचं. खेळाच्या मैदानावर अठरा हिरवळी, म्हणजे जिथे भोक असतं आणि झेंडा लावतात ते गोल तुकडे. तिथलं गवत परदेशातून आणलेलं. जावयासारखं होतं ते. सगळं वेळेवर हवं, जरा कमीजास्त झालं की तोंड वाकडं. त्याला पाणी गोडंच लागायचं. आणि बेटाखालचं गोडं पाणी म्हणजे दुधावरची साय. वर थोडं गोडं, खाली सगळा समुद्र. साय ओरबाडून काढली तर खालचं वर येणारच. विहिरी दोन, एक वरची, एक समुद्राकडची. सोळाव्या हिरवळीला समुद्राकडच्या विहिरीचं पाणी जायचं. ते खारावायला लागलं की ती विहीर आठ-दहा दिवस बंद ठेवायची, वरच्या विहिरीवर भागवायचं, तोवर साय परत धरते.

पण खारावलंय हे कळायचं कसं? एकदा यंत्र आणलं होतं. खाऱ्या वाऱ्याने दोन महिन्यांत त्याचा गंज झाला. तेव्हापासून आमचे हेच यंत्र. रोज पहाटे चावी सोडायच्या आधी दोन बोटं पाण्यात बुडवायची, जिभेवर ठेवायची, थुंकायचं आणि सांगायचं. ह्यांचे चार शब्द ठरलेले. गोड, किंचित मचूळ, मचूळ, खारं. त्यापायी यांनी तंबाखू खाल्ली नाही की पहाटे चहा घेतला नाही. सगळे यांना जीभवाले म्हणायचे. रिसॉर्टचे साहेब पाहुण्यांना आणून दाखवायचे, की बघा, हा आमचा माणूस. पाहुणे फोटो काढायचे. हे जीभ बाहेर काढून उभे राहायचे. मी म्हणायची, "डॉक्टरकडे दाखवल्यासारखे दिसता." पण त्यांना भारी अभिमान.

त्या जिभेचा जाच मला. भाजीत मिठाचा एक खडा कमी पडला की ताट सरकवायचे. "एवढं साधं जमत नाही?" बत्तीस वर्षं हे एकच वाक्य. त्याची मला इतकी सवय झाली होती की ऐकलं नाही तर जेवण झाल्यासारखं वाटायचं नाही.

त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात ह्यांना ताप आला. दहा दिवस अंथरुणात होते, तोवर समुद्राकडची विहीर बंदच ठेवली. उठले तेव्हा गालफडं बसलेली, पण लगेच कामावर गेले. तिसऱ्या दिवशी माझं चुकलं. हात भरून आलेले, डोकं ठिकाणावर नाही, भाजीत मीठच घालायचं राहिलं. पहिला घास घेतला आणि माझ्या लक्षात आलं. मी यांच्याकडे बघत राहिले. हे जेवत होते. म्हणाले, "छान झालीय. आणखी वाढ."

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, आजारपणात मी रात्रंदिवस केलं त्याची जाणीव झाली. माणूस मऊ झाला. मी वेडी मनातल्या मनात लाजले. उतारवयात नवरा गोड बोलायला लागला तर बाईने आधी त्याची जीभ बघावी, हे मला तेव्हा कुठे माहीत?

दुसऱ्या दिवशी मी भरपाई म्हणून जरा सढळ मीठ घातलं. मला एक घास गिळवेना. ह्यांनी भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवून खाल्ला आणि म्हणाले, "आजचीही छान." तेव्हा मात्र मला कळलं, बिघाड जिभेत आहे.

मी काही बोलले नाही. इथे माझी चूक आहे आणि ती मी झाकणार नाही. म्हटलं, तापाची बाधा असेल, चार दिवसांत जाईल. पण मिठाची बरणी उतरायला लागली. एके दुपारी इस्त्री थंड झाली म्हणून मी खोलीकडे आले, तर दार अर्धवट लोटलेलं. हे खाटेच्या कडेला बसले होते. तळहातावर जाडं मीठ. त्यातलं चिमूटभर जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे, थांबायचे, परत ठेवायचे. पोर परीक्षेला पाठांतर करतं तसं. मग सगळा तळहातच तोंडाला लावला. मी पायांचा आवाज न करता परत फिरले आणि चादरीखोलीत जाऊन त्याच चार अभ्र्यांना परत परत इस्त्री केली.

तोवर सोळावी हिरवळ कडेने करपायला लागली होती. चहा सांडल्यासारखे डाग आधी दिसले, मग मध्यभागापर्यंत गेले. मोठ्या सामन्याला तीन आठवडे होते आणि सगळ्या खोल्या भरायच्या होत्या. साहेबांनी सगळ्यांना हिरवळीवर उभं केलं. गवताचं बघायचा तो मुकादम, ह्यांचा वीस वर्षांचा जोडीदार. यांना दादा म्हणायचा, मला वहिनी. माझ्या हातचा चहा प्यायल्याशिवाय त्याची सकाळ उजाडायची नाही. साहेब त्याला म्हणाले, "खत जास्त झालंय. गवत जाळलंत तुम्ही."

"साहेब, मी मापानेच टाकलंय. पाणी बघा एकदा."

साहेबांनी ह्यांच्याकडे बघितलं. "काका, पाणी कसं आहे?"

मी दोरीवरच्या चादरी काढत होते, तिथून सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. हे खाली बघून म्हणाले, "गोड आहे."

झालं. बत्तीस वर्षांत ती जीभ चुकली नव्हती, मग आता कशी चुकेल? पाहुण्यांचं आणि आमचं प्यायचं पाणी पावसाच्या टाक्यांतलं, म्हणून विहिरीचं पाणी दुसऱ्या कुणाच्या तोंडीही लागत नव्हतं. मुकादमाला सांगितलं, शुक्रवारच्या होडीने जा. नोकरी गेली की खोलीही जाते. त्याच्या खोलीत बायको, म्हातारी आई आणि हातात पाटी धरायला लागलेली मुलगी.

संध्याकाळी मुकादम आमच्या दारात आला. "दादा, तुम्ही म्हणता म्हणजे गोडच असणार. मग माझंच माप चुकलं असेल. पण कुठे चुकलं, कळत नाही हो." तो चहा न घेता गेला. ह्यांच्यावरच्या विश्वासापायी त्या माणसाने स्वतःच्या हातावर संशय घेतला.

गुरुवारी पहाटे मी ह्यांच्यामागे विहिरीवर गेले.

"अगं, तू इथे कशी?"

"डबा विसरलात."

"डबा माझ्या हातात आहे."

आता काय बोलणार? मी सरळ पुढे झाले, दोन बोटं पाण्यात बुडवली आणि जिभेवर ठेवली. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "काय लागलं?"

"खारं."

"मचूळ म्हणायचंय का तुला? नीट सांग. भाजीत असतं तेवढं, की खारवलेल्या मासळीइतकं?"

"मासळीइतकं."

हे पंपाच्या कट्ट्यावर बसले. मग उठून त्यांनी पंप बंद केला, तेव्हा समुद्र ऐकू यायला लागला.

"तुला कधी कळलं?"

"खारट रस्सा छान म्हणालात तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"रोज पहाटे वाटायचं, आज येईल चव."

मी त्यांच्या शेजारी बसले. आणि मग मी जे बोलले, त्याची मला अजून लाज वाटते. म्हटलं, "ऐका माझं. ही विहीर आजच बंद करा. उद्यापासून मी येत जाईन, मी चव घेईन, तुम्ही सांगा. कुणाला कळणार नाही. मुकादम हाडापेराने धड आहे, त्याला कुठेही काम मिळेल. आपल्याला ह्या वयात कोण उभं करील?"

"आणि मी रोज त्याच्या हिरवळीवर जाऊन उभा राहू?"

"इतके दिवस राहिलातच की!"

तोंडातून निघून गेलं. ते मान खाली घालून म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, आता नाही राहवत."

तिथूनच आम्ही साहेबांच्या ऑफिसात गेलो. मुकादम हिशोब मिटवायला आधीच तिथे आला होता. हे उभ्याउभ्या म्हणाले, "साहेब, माझी जीभ गेली. पाणी खारं आहे. मुकादमाची काही चूक नाही."

साहेब हसले. "काका, दोस्तीखातर काहीही बोलू नका. कालपर्यंत गोड होतं."

"मी खोटं बोललो."

साहेबांना ते पटेना. त्यांनी कारकुनाला सांगून दोन पेले मागवले. एकात टाकीचं पाणी, एकात समुद्राचं. "सांगा, कुठलं कुठलं."

मी मागे उभी होते. निम्मी संधी होती हो! एका पेल्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाले असते, बरोबर आलं असतं तर साहेबांनी हसून घरी पाठवलं असतं. मी मनात म्हणत होते, दाखवा बोट, दाखवा. ह्यांनी डावीकडचा पेला उचलला आणि बोट न बुडवता सगळा पेला घटाघटा प्यायले. तोंडावरची सुरकुती हलली नाही. कारकुनाचा चेहरा पांढरा पडला, त्यावरून मला कळलं तो कुठला पेला.

"गोडच लागतं साहेब," हे म्हणाले. "आता सगळंच गोड लागतं."

मग बाहेर पायरीवर जाऊन भडाभडा ओकले. पोटाला कळलं, जिभेला कळलं नाही. मी पाठ चोळत होते. मुकादम आमच्या बाजूने निघून गेला. थांबला नाही. हाक मारली तरी थांबला नाही. मला त्याचा राग नाही. खरं कळेपर्यंत त्याच्या म्हाताऱ्या आईने भांडी पोत्यात भरली होती.

मुकादमाची नोकरी राहिली, शुक्रवारची होडी आता आमची झाली. दोन पेट्या, एक पोतं, बत्तीस वर्षं त्यात मावली. खोली सकाळीच रंगवायला काढली, नवा माणूस येणार होता. आणि होडी आलीच नाही. समुद्र खवळलेला. ह्या कुशीवरून त्या कुशीवर होणारा तो समुद्र आम्हाला न्यायलाही तयार नव्हता. आम्ही धक्क्यावर पेट्यांवर बसून राहिलो. दुपारी साहेबांनी किल्ली पाठवली, चौदा नंबरच्या खोलीची. माणूस वाईट नव्हता. सोळावी जळाल्याचं कळून सामना रद्द झाला होता, आणि होडी नाही म्हणून आठवड्याचे पाहुणेही आले नव्हते, खोल्या रिकाम्याच होत्या.

अशा रीतीने आम्ही त्या रिसॉर्टमध्ये राहिलो. लोक त्यासाठी कुठून कुठून येतात. अंघोळीचा टब आमच्या जुन्या खोलीच्या निम्मा. पलंगावरची चादर माझ्याच हातची. घडीवरून ओळखली. मी बसायच्या आधी हात फिरवून सुरकुती काढली आणि मग बसवेना. हे तर खाली जमिनीवरच बसले, पेटीला टेकून. भिंतभर काच, समोर समुद्र, आणि डावीकडे नेमकी सोळावी हिरवळ. तपकिरी, गोल, वाळलेल्या खपलीसारखी.

"पडदा ओढू का?" मी विचारलं.

"नको. बघू दे."

"अहो, निदान पलंगावर तरी बसा. एकदाच आलोय."

"गाद्या खराब होतील. माझ्या पायाला माती आहे."

"धुणारी मीच की!" म्हटलं आणि आठवलं, आता मी नाही.

जायचं होतं ते लेकीच्या घरी, शहरात, जिथे नळाला पाणी येतं आणि ते कसं आहे हे कुणी कुणाला विचारत नाही. ह्यांनी अधेमधे दोन बोटं जिभेला लावली. सवयीने. बोटं कोरडीच होती.

मग दारावर टकटक झाली. स्वयंपाकघरातून झाकलेली ताटं आली होती. आणणाऱ्याने नजर न मिळवता टेबलावर ठेवली आणि गेला. मी ताट ह्यांच्यासमोर जमिनीवर ठेवलं. ह्यांनी घास घेतला, चावला, गिळला. दुसरा हातात घेऊन थांबले.

"अगं, मीठ बरोबर आहे का?"

मी चव घेतली. बरोबर होतं. अगदी मापात. मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. म्हटलं, "कमी आहे. बरंच कमी."

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि ताट सरकवलं.

"एवढं साधं जमत नाही?"

"नाही ना," मी म्हटलं, आणि उठून मीठ शोधायला लागले.