घरावरून जाणारं तिकीट

"एकच विमान, एकच खुर्ची, आणि जो जवळ राहतो त्याला दीडपट पैसे, हे कुठलं गणित?"

ताई हे म्हणाली तेव्हा ती विमान कंपनीच्या काउंटरशी उभी होती. मागे रांग खोळंबली होती आणि धाकटी तिचं कोपर धरून हळूच मागे ओढत होती. रांगेतलं कुणी कुरकुरलं नाही. उलट मागून एक जण म्हणाला, "ओढू नका हो त्यांना, उत्तर आम्हालाही हवंय." काउंटरवरच्या मुलीने काच सरकवली आणि आतून 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावली. सकाळचे दहा वाजले होते.

त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली.

दोघी बहिणींचं तिकिटांचं दुकान होतं. दोन टेबलं, एक पंखा, भिंतीवर जगाचा नकाशा. त्यातल्या एका महासागराला ओल येऊन पोपडे सुटलेले. ताई पूर्वी याच दुकानात कारकून होती. तेव्हा तिकिटं हाताने लिहीत, लाल कार्बनच्या तीन प्रती काढून, आणि संध्याकाळी घरी आली की तिची लाल बोटं एखाद्या गुन्हेगाराची वाटत. लग्न केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "लोकांना पोचवता पोचवता राहूनच गेलं बघा." मालक थकला तेव्हा दुकान तिने चालवायला घेतलं, आणि धाकटीचा नवरा गेल्यावर तिला समोरच्या टेबलावर आणून बसवलं. परवान्यावर दोघींची नावं. घरात तिसरं कमावतं माणूस नव्हतं; धाकटीची मुलगी अजून शिकत होती. सगळी गल्ली तिला ताई म्हणे, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे म्हातारेसुद्धा.

देशाला विमानतळ दोन. एक खाली समुद्रकाठच्या शहरात. तिथे पाच कंपन्यांची विमानं उतरत. दुसरा वर पठारावर, यांच्या गावाला लागून. तिथे एकच कंपनी. परदेशी कामाला जाणारी माणसं मात्र बहुतेक पठारावरची. वेल्डर, गवंडी, शिवणकाम करणाऱ्या बाया, आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या मुली. त्या एका कंपनीचं विमान दुपारी समुद्रकाठाहून निघायचं, चाळीस मिनिटांत पठारावर उतरायचं, इथली माणसं पोटात घ्यायचं आणि परदेशी जायचं. इथून चढणाऱ्याला तिकीट दीडपट. खालून बसून, इथे नुसतं थांबून, त्याच विमानाने पुढे जाणाऱ्याला स्वस्त.

काउंटरवरच्या त्या प्रसंगानंतर एका रविवारी ताईने दोन्ही भाडी शेजारी शेजारी लिहिली. चष्मा पुसला. पुन्हा लिहिली.

"अगं, आपली माणसं उलटी धाडायला हवीत," ती म्हणाली.

"उलटी म्हणजे?"

"म्हणजे सकाळी सहाच्या बसने पाच तास खाली जायचं, तिथे विमानात बसायचं, आणि आपल्याच घरावरून इथे यायचं. मग पुढे जायचं."

"ताई, कोण करील असला द्राविडी प्राणायाम?"

"ज्याला परवडत नाही तो करील. त्याला हौस म्हणून जायचं नसतं."

लोकांनी केला. पहिल्याच महिन्यात एका वेल्डरने मात्र घोळ घातला. त्याने विचार केला, विमान तर इथेच येतंय, मग बसचे धक्के कशाला खायचे? पेटी उचलून तो थेट इथल्या विमानतळावर गेला. तिथे कळलं की खालून न बसल्यामुळे त्याचं पुढचं तिकीटही रद्द झालं आहे. ताई धावत पोचली तेव्हा विमान काचेपलीकडे उभं होतं.

"जागा रिकामी आहे?"

"आहे," काउंटरवरचा म्हणाला.

"माणूस समोर उभा आहे?"

"हो."

"पैसे पूर्ण भरलेत?"

"भरलेत बाई, पण नियम."

"मग माणूस आणि खुर्ची यांच्यामध्ये फक्त तुम्ही उभे आहात. सरका की बाजूला."

तो सरकला नाही. विमान गेलं. वेल्डरची हजर व्हायची तारीख हुकली, काम दुसऱ्या कुणाला मिळालं आणि तो चार महिने घरी बसला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर ताईला बरं वाटलं असतं. त्याने फक्त विचारलं, "ताई, मी जवळ राहतो ह्यात माझं काय चुकलं?"

त्या दिवसापासून ताई बदलली. म्हणजे आधी ती नुसती तोंडाळ होती, आता हट्टाला पेटली. रोज सकाळी सहाला ती बसथांब्यावर हातात यादी घेऊन उभी राहू लागली. एकेकाचा दंड धरून त्याला बसमध्ये चढवायची. "खाली जाऊन विमानातच बसायचं. इथे उतरलं की खुर्ची सोडायची नाही. घर दिसलं तरी नाही. कळलं?" दुकानाबाहेर तिने काळा फळा लावला. त्यावर रोज दोन आकडे, इथून इतके, तिथून इतके, आणि खाली एक ओळ: 'फरक का? कंपनीला विचारा.' लोक खरंच विचारू लागले. काउंटरवरच्या मुलीची जेवणाची सुट्टी आता दिवसातून चार-पाच वेळा होऊ लागली.

आणखी एक गोष्ट सुरू झाली. ती कुणी ठरवलेली नव्हती. सकाळी बसवर निरोप दिलेलं माणूस दुपारी पावणेतीनला पुन्हा गावात असायचं, विमानाच्या पोटात, तारेच्या कुंपणापलीकडे, चाळीस मिनिटं. मग घरची मंडळी कुंपणापाशी जाऊन उभी राहू लागली. खिडक्या लहान, ऊन काचेवर. आतलं कुणी दिसायचं नाही. आतल्यांना मात्र बाहेरचे दिसत. म्हणून ज्याने त्याने घरातली ओळखीची वस्तू न्यायची ठरवली. कुणी पिवळी चादर फडकवी, कुणी लाल बादली डोक्यावर धरी. एखादी बाई तान्ह्या मुलाला दोन्ही हातांनी वर उचलून चाळीस मिनिटं उभी राही, हात बदलायला माणूस सोबत नेई. सकाळी रडून झालेलं असायचं, त्यामुळे दुपारी कुणी रडत नसे. माणूस हाकेच्या अंतरावर आहे आणि हाक पोचत नाही, असा तो निरोप. धाकटी एकदा बघून आली आणि तिने ताईला सगळं सांगितलं. ताई म्हणाली, "बघ. आपल्या माणसाला आपल्याच दारात उभं करतात आणि आत येऊ देत नाहीत."

कंपनीला ते कुंपण फळ्यापेक्षा जास्त झोंबलं. विमानातले बाकीचे प्रवासी विचारायचे, ही माणसं बादल्या घेऊन का उभी आहेत?

एक साहेब दुकानात आले. सभ्य गृहस्थ, घाम पुसत होते. त्यांनी समजावलं, "ताई, हे शास्त्र आहे. पठार उंच, हवा विरळ. विरळ हवेत विमानाला उडायला कष्ट पडतात. म्हणून इथलं भाडं जास्त."

ताईने त्यांना पाणी दिलं. "बरोबर. पण खालून आलेला प्रवासीसुद्धा पुढे जाताना इथूनच उडतो ना?"

"हो."

"मग त्याच्या खुर्चीखाली हवा दाट होते का?"

साहेबांनी पाणी अर्धंच प्यायलं. धाकटीला हसू आवरेना, म्हणून ती कपाटात काहीतरी शोधू लागली. पुढच्या वर्षी दुसरे साहेब आले, ते म्हणाले विमानतळाची फी. ताईने विमानतळाच्या व्यवस्थापकाला पत्र लिहिलं. उत्तर आलं की फी दोन्हीकडे सारखीच. तिने ते उत्तर फळ्याच्या शेजारी चिकटवलं. तिसऱ्या साहेबांनी नुसतं फोनवर विचारलं, "बाई, तुम्हाला हवंय तरी काय?" ती म्हणाली, "उत्तर."

"तुझं उत्तर आपल्याला रस्त्यावर आणेल," धाकटी एकदा म्हणाली.

"रस्त्यावरच तर असते मी. सकाळी सहाला."

"मस्करी नको करूस ताई. पोरीचं शेवटचं वर्ष आहे."

 त्या रात्री ताईने मुलीच्या वह्या चाळल्या, दोन-तीन चुका दाखवल्या आणि झोपली. सकाळी थांब्यावर होतीच.

मग नोटीस आली. अमुक दिवशी दोघींनी कंपनीच्या कचेरीत येऊन हमीपत्रावर सह्या कराव्यात. न केल्यास त्याच दिवसापासून तिकिटं विकण्याची परवानगी बंद.

कचेरी पहिल्या मजल्यावर होती. काचेची खोली, मधे लांब टेबल, त्यावर कुणी न खाल्लेली बिस्किटं. नवे साहेब वयाने धाकटीएवढे. त्यांनी उठून खुर्च्या दिल्या, "ताई" म्हणाले, पंखा दोघींच्या बाजूला वळवला. धाकटीला ते बरे वाटले आणि म्हणूनच तिला जास्त भीती वाटली.

हमीपत्रात तीन कलमं होती. पठारावर राहणाऱ्याला खालचं तिकीट विकायचं नाही. फळा काढायचा. आणि गिऱ्हाइकाने विचारल्यास, भाड्यातला फरक खर्चामुळे आहे, असं सांगायचं.

धाकटीने घरून ठरवून आणलं होतं. तिने वाचलं, पेन घेतलं आणि सही केली. सही करताना तिने ताईकडे पाहिलं नाही. आपलंच नाव तिला एखाद्या अनोळखी बाईने लिहिल्यासारखं दिसलं. मग तिने पेन टेबलावरून ताईकडे सरकवलं.

ताईने कागद जवळ घेतला. पहिल्या कलमावर बोट फिरलं, दुसऱ्यावर फिरलं, तिसऱ्यावर थांबलं.

"हे कुणी लिहिलं?"

"वरून आलंय, ताई."

"तुम्हाला खरं वाटतं?"

"माझ्या वाटण्याचा काय संबंध?"

"ते मी उद्या लोकांना सांगायचं आहे. माझ्या तोंडाने. म्हणून विचारते. खरं आहे का?"

साहेबांनी बिस्किटांची बशी उगाच इकडची तिकडे केली. "तुम्ही सही करा ना. तुमच्या बहिणीने केली."

"तिचं पोर शिकतंय. तिने बरोबर केलं. मी तुम्हाला विचारते आहे."

धाकटीने मान वर करून ताईकडे पाहिलं. घरून निघताना तिने भांडणाची तयारी केली होती. ह्याची केली नव्हती.

साहेब उठले, दार नीट लागलंय का पाहिलं आणि परत येऊन बसले. आवाज उतरवून म्हणाले, "नाही. खर्चाचा काही संबंध नाही. खर्च दोन्हीकडे सारखाच. खाली पाच कंपन्या आहेत, गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल म्हणून तिथे भाडं पाडावं लागतं. इथे आम्ही एकटेच. आणि इथल्या माणसांना तारखेला पोचायचंच असतं. ती कर्ज काढतात, दागिने मोडतात, पण देतात. देतात म्हणून घेतो. बाकी हवा, फी, इंधन, हे सगळं सांगायचं म्हणून." त्यांनी बशी बाजूला सारली. "मीही इथलाच आहे, ताई. माझा भाऊ तुमच्याच बसने गेला. पण ही खुर्ची सुटली तर दुसरा बसेल, तो एवढंसुद्धा सांगणार नाही."

पंखा फिरत होता. खाली काउंटरशी कुणीतरी मोठ्याने आकडे विचारत होतं. ताई साहेबांकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. इतकी वर्षं ती हेच उत्तर आणि ते देणारा माणूस शोधत होती, आणि तो सापडला तेव्हा तो असा बापडा निघाला.

"आता करा सही," साहेब म्हणाले. "दोघींची लागते. एकीच्या सहीचा उपयोग नाही. पाच वाजता मला वर कळवायचंय."

धाकटीने घड्याळ पाहिलं. मग मुलीची फी आठवली, दुकानाचं भाडं आठवलं, आणि मग, का कोण जाणे, ती लाल बादली. तिने कागदाकडे हात नेला आणि ताईसमोरून तो ओढून घेतला. आपल्या सहीवर एक रेघ मारली. रेघ वाकडी आली, म्हणून दुसरी मारली.

"अहो, हे काय करताय?" साहेब अर्धवट उठले. "ताई, तुम्ही तरी सांगा यांना. परवाना जाईल. आजच जाईल."

ताईने चष्मा काढून पेटीत ठेवला. पिशवी खांद्याला लावली. उठताना तिचा हात क्षणभर धाकटीच्या पाठीवर टेकला, उठायला आधार घ्यावा तसा. साहेब काहीतरी बोलत होते, नियमाचं, मुदतीचं, वरच्यांचं. तिने खुर्ची टेबलाखाली सारली, काचेचं दार उघडलं आणि सही न करता बाहेर पडली.