आरतीत गोठलेली बादली

आमच्या ग्वाल्हेरला समुद्र नाही, नदीही नावालाच. तरी आमच्या ह्यांनी होडी बांधायला घेतली. तीही फायबरची, घरच्या घरी, पुस्तकात वाचून. शिंदे की छावनीतल्या आमच्या अंगणात लाकडी पट्ट्यांचा उपडा सांगाडा उभा राहिला, आणि येणारा-जाणारा विचारू लागला, "भाभी, पानी की टंकी बनवा रही हो?"

मी चिडायचे. होडीसाठी कापलेल्या काचेच्या कापडाच्या बारीक कुसांनी सारं घर खाजत होतं. पण थांबा म्हणायची सोय नव्हती. राज्याचे दोन तुकडे होणार होते, आणि सरकारी नोकरांच्या यादीत ह्यांचं नाव छत्तीसगडात गेलं होतं. मुलांच्या शाळेपायी मी इथेच राहणार होते. रायपूरला हजर होण्याआधी होडी तिघऱ्याच्या धरणात तरंगलीच पाहिजे, हा एकच ध्यास ह्यांनी घेतला होता.

गणपतीतल्या रविवारी पहिला थर द्यायचं ठरलं. ह्यांनी बादलीत रेझिन, म्हणजे कापड चिकटवायची पातळ राळ, घेतलं, त्यात ते घट्ट करणारं औषध ओतलं, ब्रश बुडवला, आणि आतून सासऱ्यांची हाक आली, "आधी आरती!" आमचं घराणं भटजींचं. आमच्याकडे आरती एक नसते. एकामागून एक सात, वर मंत्रपुष्पांजली, आणि मध्येच उठणं म्हणजे महापाप. हे टाळ्या वाजवत होते, डोळे दाराकडे. प्रसाद घेऊन बाहेर येतात तो ब्रश बादलीत ताठ उभा, हलेना. बादली तर हात लावू देईना इतकी तापलेली.

मला हसू आवरेना. सासरे मात्र ओशाळले. "अरे, सांगायचं नं, हे रुकत नाही म्हणून," एवढंच म्हणाले. पुढच्या रविवारी नव्या रेझिनपाशी ते स्वतः हातमोजे घालून हजर. "चल, घोळ. देव रुकेल." कापड मी अंथरलं, ह्यांनी त्याला रेझिन पाजलं, सासऱ्यांनी बुडबुडे दाबून काढले. तिघंही खाजवत होतो आणि तिघंही भलतेच खुशीत होतो.

निघायच्या आदल्या दिवशी होडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तिघऱ्याला पोचली. पाण्यात जरा एका अंगाला कलली, पण तरंगली! ह्यांनी आत उतरून तळावरून हात फिरवला. "कोरडी आहे," म्हणाले, आणि असे ओरडले की काठावरचे बगळे उडाले. मला पोहता येत नाही, तरी पदर खोचून चढले. उद्याची गाडी डोळ्यांपुढे होती, पण इतक्या सुखात मी कधीच नव्हते. तेवढ्यात काठावरून सासरे हाका मारू लागले, परत या, सामान बांधायचंय. हे वल्हं थांबवून माझ्याकडे पाहू लागले.

मी काठाकडे पाठ फिरवली. "अहो," म्हटलं, "मला काही ऐकू आलं नाही."