व्हॅलेरीचं ऑइल आणि दर्याचा वाटा

व्हॅलेरीच्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर कोणी बसायचं, यावरून पालीगावातल्या बायका थंडीत भांडत आणि एप्रिल लागला की एकमेकींना पुढे ढकलत. इंजिन बरोबर त्या सीटखाली होतं.

"बस गो पर्ल, कंबर धरलीय ना तुझी? मीरा रोडपर्यंत शेकून निघेल," व्हॅलेरी म्हणायची.

"कंबर शेकते ते ठीक हाय बाय, पण मी उतरते तवा अर्धी शिजलेली असते!" पर्ल म्हणायची, आणि बसायची.

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ही व्हॅन उत्तनच्या बाजूने निघे. आत व्हॅलेरी, पर्ल, आणखी तिघी, आणि सुके बोंबील, जवळा, मांदेली यांच्या टोपल्या. व्हॅन नव्हती तेव्हा या बायका बसने जात. बसमध्ये लोक नाकाला रुमाल लावत, आणि भाईंदरला उतरल्यावर शेअर रिक्षावाले टोपली बघूनच म्हणत, "मौसी, वास आता है, दूसरा देखो." दूसरा पण तेच म्हणायचा. एकदा भर उन्हात चार रिक्षावाल्यांनी पर्लला नाही म्हटलं आणि ती टोपली डोक्यावर घेऊन चालत निघाली. त्याच महिन्यात व्हॅलेरीने भाईंदरच्या एका फुलवाल्याची जुनी व्हॅन विकत घेतली. वय चौपन्न. गाडी आधी घेतली आणि चालवायला नंतर शिकली.

होड्या रंगवणाऱ्या माणसाकडूनच तिने ती निळी-पिवळी रंगवून घेतली. त्याने सवयीने समोर नावही घातलं, 'गॉड्स गिफ्ट'.

तिचा नवरा स्टीवन बॅलार्ड इस्टेटच्या एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसातून निवृत्त झालेला, घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस. तो ते नाव वाचून दर वेळी म्हणायचा, "गॉडने गिफ्ट दिलं. बिल मात्र मेकॅनिक देतो."

गाडीवर त्याचा राग नव्हता. पण गेल्या जानेवारीत एका संध्याकाळी व्हॅन राई गावाच्या पुढे रस्त्यात बंद पडली. लाल दिवा लागला, इंजिन खडखडलं आणि गप्प झालं. सर्व्हिसिंग लांबलं होतं, आत तेल उरलंच नव्हतं. त्यात व्हॅलेरीच्या मोबाइलची बॅटरी संपलेली. एका टेम्पोवाल्याने दोर बांधून गाडी घरापर्यंत ओढून आणली, तेव्हा स्टीवन फाटकात उभा होता. किती वेळ उभा होता ते त्याने सांगितलं नाही. जेवलाही नाही. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक येऊन कामापुरतं तेल ओतून गेला, इंजिन वाचलं होतं; पण स्टीवनने मीरा रोडला राहणाऱ्या मुलाला, इव्हानला फोन केला, आणि इव्हानने गिऱ्हाईक शोधलं. निकेत नावाचा मुलगा, जेसल पार्कला राहणारा, लग्नकार्यात जेवणाची ऑर्डर घेणारा. त्याला भांडी न्यायला व्हॅन हवी होती.

व्हॅलेरीला हे कळलं तेव्हा ती अंगणातल्या वलांडीवर, बांबूंच्या मांडवावर, सुकत घातलेले बोंबील पलटत होती. ती तशीच घरात आली.

"माझी गाडी तू विकणार?"

"ती धड चालत न्हाय, व्हॅली. दर वेळी गॅरेजमधी आठवडा. आणि रस्त्यात बंद पडली तर तू काय करणार? तू काय मेकॅनिक हायस?"

"न्हाय. पण तू लग्न केलंस तवा मना जेवण पण येत न्हवतं. शिकले ना?"

"कधी?" असं म्हणून स्टीवनने पेपर तोंडासमोर धरला.

व्हॅलेरीने पेपर खाली केला. "ऑइल मी बदलीन. फिल्टर मी बदलीन. घरी, माझ्या हातांनी. मग गॅरेजला कशाला न्यायची, आणि वेळ तरी कशाला चुकेल?"

स्टीवनने पेपरची घडी घातली. बायकोचा शब्द पक्का असतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. "ठीक हाय. निकेत रविवारी मिसानंतर येतोय. मी आणि तो गाडीत बसणार, तू डोंगरीचा चढ चढून परत आणायची. धूर नको, खडखड नको, लाल दिवा नको. जमलं तर गाडी तुझी. न्हायतर चावी निकेतच्या हातात."

"आणि जमलं तर हा विषय परत काढायचा न्हाय. मरेपर्यंत."

"कोणाच्या?"

"गाडीच्या," व्हॅलेरी म्हणाली.

आजवर गाडी दुरुस्तीला गेली की ती गॅरेजमध्ये स्टुलावर बसून राही, तेव्हा नुसती बसलेली नसे, बघत असे. शिवाय मोबाइलवर एका सरदारजींचा व्हिडिओ तिने इतक्या वेळा पाहिला की पर्ल म्हणाली, "याच्याशी दुसरं लगीन लाव आता."

शनिवारी सकाळी तिने गाडी गावात एक चक्कर फिरवून आणली. तेल कोमट असलं की सगळा गाळ घेऊन खाली येतं. मग होडी ओढायच्या जाड फळ्यांवर पुढची चाकं चढवली, मागच्या चाकांना दगड लावले, जुना गाऊन चढवला आणि गोणपाटावर पाठ टेकून ती गाडीखाली सरकली.

तेवढ्यात तिचा थोरला भाऊ ज्युलियस आला. ज्युलियस तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान. सारा जन्म होडीवर गेला, आता होडी मुलगे नेतात, आणि याला दिवसभर कोणाला तरी काहीतरी शिकवायचं असतं. त्याने माशांचा एक क्रेट पालथा घातला आणि त्यावर बसला.

"बाय, बोल्ट उलटा फिरव."

"उलटाच फिरवतेय, दादुस."

"खाली डबा ठेवलास?"

"न्हाय, तोंड उघडून पडलेय."

पान्याने बोल्ट करकरला, सैल झाला, आणि कापून ठेवलेल्या जुन्या कॅनमध्ये तेलाची धार लागली. माकुलाच्या शाईसारखं काळं. ज्युलियस वाकून बघत म्हणाला, "ते मना दे. वलांडीच्या बांबूंना लावतो, कीड लागत न्हाय."

"आणि वर सुकलेले बोंबील काय इंजिनला विकू? हे गॅरेजवाल्याकडं जाणार, जुन्या तेलाच्या पिंपात."

फिल्टर मात्र हटून बसला. डब्यासारखा गोल, तेलाने बुळबुळीत. व्हॅलेरीने एका हाताने धरला, दोन्ही हातांनी धरला, येशूचं नाव घेतलं, नंतर दुसरं काहीतरी म्हटलं जे ज्युलियसने ऐकलं नाही असं दाखवलं. सरदारजींकडे त्यासाठी खास पट्टा होता. व्हॅलेरी गाडीखालून बाहेर आली, भिंतीवरच्या फाटक्या जाळ्याचा एक तुकडा कापला, दोन वेढे फिल्टरभोवती दिले आणि पिळला. जाळ्यातून सुरमई निसटत नाही, तो काय निसटतो! फिल्टर फिरला.

"बघ!" ज्युलियस म्हणाला, जणू जाळं त्याने सांगितलं होतं.

जुन्या फिल्टरची रबरी कडी आत चिकटून राहिली नाही ना, हे तिने बोट फिरवून पाहिलं. नव्या फिल्टरच्या कडीला स्वच्छ तेल लावलं, बाळाच्या टाळूला लावतात तसं, आणि तो नुसत्या हाताने घट्ट केला. बोल्ट नव्या वायसरसकट बसवला. गाडी फळ्यांवरून खाली घेतली. पुढची सीट वर करून नवं तेल ओतलं, मधासारखं पिवळं. इंजिन थोडं चालवलं, बंद केलं, थांबली, मग तेल मोजायची पट्टी ओढून पुसली, परत बुडवली, परत काढली. तेल बरोबर वरच्या खुणेवर. डब्यात थोडं शिल्लक होतं.

"झालं," व्हॅलेरी म्हणाली.

"झालं कसं? दर्याचा वाटा?" ज्युलियसने विचारलं.

होडीत काहीही भरलं, डिझेल, पाणी, तांदूळ, बर्फ, की लागेल तेवढं घालून वर एक माप जास्तीचं घालायचं, ही त्यांच्या बापापासूनची रीत. ते माप दर्याचं. दर्या मागेल तेव्हा द्यायला असावं.

"दादुस, ही रस्त्यावर चालते. सरदारजी सांगतो, खुणेच्या वर जायचं न्हाय."

"सरदारजी कधी दर्यावर गेलाय?"

"आणि माझी गाडी कधी गेलीय?"

व्हॅलेरी हात धुवायला आत गेली. साबण, मग बेसन, मग परत साबण. ती बाहेर आली तेव्हा ज्युलियसने सगळं आवरून ठेवलं होतं, सीटसुद्धा खाली केली होती. भाऊ म्हातारपणी सुधारला, असं तिला वाटलं.

रविवारी चर्चमधल्या मिसानंतर निकेत आला, स्कूटरवर. हसरा, लाडू आवडणारा मुलगा. घरात फुगे, मैद्याचे गोडसर गोळे, तळलेले होते; त्याने चार खाल्ले, पाचवा हातात घेतला आणि गाडीत बसला. स्टीवन पांढऱ्या शर्टात पुढच्या सीटवर. ज्युलियस न बोलावता मागे.

गाडी सुरू झाली ती मांजरीसारखी. खडखड नाही, लाल दिवा नाही. व्हॅलेरीने नवऱ्याकडे तिरकं पाहिलं. नवरा समोर बघत होता. पण चढ लागला, तिने दुसरा गिअर टाकला, आणि मागे निळसर पांढरा धूर उठला. आधी शेपटीएवढा, मग चादरीएवढा. रस्त्याकडेला उभी असलेली पर्ल हात हलवत होती. हलवता हलवता ती दिसेनाशी झाली. धुरातून नुसता तिचा खोकला ऐकू आला.

"काकी, आपण रस्त्यानेच चाललोय ना?" निकेतने मागची काच लावली. "मला खाली ढग दिसतायत."

अर्ध्या चढावरूनच व्हॅलेरीने गाडी वळवली. अंगणात आल्यावर निकेत उतरला आणि अदबीने म्हणाला, "काका, मला नको. लोकांना जेवण द्यायचंय, धुरी नाही."

"तर मग भंगारवाला," स्टीवन म्हणाला. हळू म्हणाला, पण म्हणाला. आणि हात पुढे केला, चावीसाठी.

व्हॅलेरीला पुढचा मंगळवार दिसला, आणि रिक्षाच्या रांगेत उभ्या चौघी. पण चावी तिने दिली नाही. "थांब. मी काय काय केलं ते मना माहीत हाय. सगळं परत बघते. मग घे."

तिने सीट वर केली, थोडा वेळ जाऊ दिला, पट्टी ओढली, पुसली, बुडवली, काढली. तेल खुणेच्या कितीतरी वर, बोटभर.

"मी एवढं घातलं न्हवतं," ती म्हणाली.

ज्युलियस समुद्राकडे बघत होता, जणू आजच कोणी तो तिथे आणून ठेवला होता.

"दादुस."

"अं?"

"डब्यात राहिलेलं तेल कुठं हाय?"

ज्युलियसने खूप वेळ कान खाजवला. "तू हात धुवायला गेलीस... थोडंसंच होतं बाय. आणि घरात माझा एक लिटरचा डबा पडून होता."

"तो पण?"

"दर्याचा वाटा अर्धा घालत न्हाय," ज्युलियस दुखावल्या आवाजात म्हणाला.

आधी निकेत हसला, मग पर्ल, जी धूर कुठे चाललाय ते बघत अंगणापर्यंत आली होती. स्टीवनने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते त्याच्या खांद्यांतून बाहेर पडलं. "व्हॅली, तुझा भाऊ गाडी घेऊन मासेमारीला निघाला होता!"

"हसू नका, कॅन आणा," व्हॅलेरी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. चूक सापडली म्हणजे गाडी आजारी नव्हती, तिला नुसतं अजीर्ण झालं होतं.

ती परत गोणपाटावर आडवी झाली. बोल्ट जरासा सैल करायचा, जास्तीचं तेल सोडायचं आणि सगळं जायच्या आत घट्ट करायचा, हे दोन हातांचं काम नव्हतं. तिने हाक मारायच्या आत शेजारी कोणीतरी गुडघे टेकले. स्टीवन. त्याने कॅन धरला.

"शर्ट," व्हॅलेरी म्हणाली.

"बोल्ट बघ, शर्ट नको बघू."

धार आली आणि त्याच्या कफावर उडाली. पांढऱ्या शर्टावर पिवळा ठिपका पडला, मग दुसरा. तो हलला नाही. व्हॅलेरीने बोल्ट आवळला. पट्टी पाहिली, थोडं अजून सोडलं. पुन्हा पाहिली. खूण. बरोबर खूण.

"आता कोणी गाडीजवळ जायचं न्हाय," ती भावाला म्हणाली.

"मी काय केलं?" ज्युलियस पर्लला म्हणाला.

अंगणात इंजिन चालू ठेवलं, नळीत साठलेला धूर उडून गेला, पातळ झाला, मग नुसती हवा थरथरताना दिसू लागली. "बस," व्हॅलेरी नवऱ्याला म्हणाली. तो बसला. सारा चढ तो उलटा वळून मागच्या काचेतून बघत होता. मागे स्वच्छ रस्ता होता आणि त्यावर स्कूटरवरून येणारा निकेत. गाडी चढावर गुणगुणली, वळणावर गुणगुणली आणि वर पोचली. खाली दर्या चमकत होता, आणि वलांडींवरचे बोंबील उन्हात चांदीच्या पट्ट्यांसारखे दिसत होते.

स्टीवन उतरला. गाडीच्या मागे गेला. खिशातून पांढरा रुमाल काढून सायलेन्सरच्या तोंडासमोर धरला, उलटसुलट करून पाहिला आणि घडी घालून परत खिशात ठेवला.

"बरं हाय," तो म्हणाला.

"बरं?"

"चांगलं हाय."

"आणि विषय?"

"बंद." मग तो म्हणाला, "फोन चार्ज करून निघत जा. तेवढं एक तरी."

"करीन," व्हॅलेरी म्हणाली, आणि त्याच्या कफावरच्या डागावर तिने अंगठा घासला. डाग आणखी पसरला.

निकेतने स्कूटर लावली, गाडीभोवती एक फेरी मारली, इंजिनाचा आवाज ऐकला. "काका, माझं मत बदललं. घेतो मी. बोला."

"मना काय विचारतोस?" स्टीवन म्हणाला. "गाडीचा मालक तिकडं उभा हाय."

"विकायची न्हाय," व्हॅलेरी म्हणाली. "पण मंगळवारी जेसल पार्कला सुके बोंबील घरपोच देईन. किती देऊ?"

निकेतने विचार केला. "अर्धा किलो?"

"एक किलो घे," स्टीवन गाडीत चढता चढता म्हणाला. "अर्ध्यासाठी तिला तुझे जिने चढायला लावू नकोस."