रिपीटकाका आणि सईची बिअर

एका मोजणीवर विसंबून रिपीटकाकांनी कधी रिपोर्टवर सही केल्याचं मला आठवत नाही. कुवेतमधल्या आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ते सर्वांत सीनियर. डॉक्टर फोनवर ओरडत असायचे, मी चुळबुळत असायचे आणि काका शांतपणे म्हणायचे, "रिपीट कर. घाई पेशंटला नाही, आपल्याला आहे." मला त्यांचा भयंकर राग यायचा.

मुलीच्या बाबतीत मात्र हा धीर कुठे जायचा कोण जाणे. इथे कुवेतच्या अब्बासिया वस्तीत वाढलेली सई शिकायला न्यूझीलंडला गेली आणि शिक्षण सोडून बिअरच्या कारखान्यात लागली. आयुष्यात थेंबही न घेतलेल्या काकांनी वर्षभर तिचा फोन उचलला नाही. डबा खाताना फोन मात्र डब्याशेजारीच असायचा.

एका सकाळी चहाच्या वेळी तिने फोटो पाठवला. तिने घरी केलेल्या बिअरच्या नमुन्यात काचेची एक नळी तरंगत होती. काका ताडकन उठले. "अगं, ही तर आपली लघवीची घनता मोजायची नळी!" आणि माझ्यासमोरच त्यांनी सईला फोन लावला.

ती रडवेली होती. शनिवारी मालक तिची बिअर चाखणार होता. आवडली तर नोकरी पक्की, नाहीतर कुवेतला परत.

"बबल्स थांबलेत, बाबा. आय थिंक इट्स डन. आज केगच्या पिंपात ओतते नि वरून गॅस भरते."

"बुडबुडे गेले खड्ड्यात. आकडा किती? आधी नमुना ढवळून गॅस घालवलास का? नाहीतर बुडबुडे नळीला चिकटून ती वर उचलतात नि आकडा खोटा येतो."

ते तिने केलंच नव्हतं. मग रोज चहाला आकडा यायला लागला. दुसऱ्या दिवशी तो उतरला, तिसऱ्या दिवशी आणखी किंचित.

"आकडा उतरतोय म्हणजे साखर अजून शिल्लक आहे, तिची दारू होतेच आहे. तीन दिवस आकडा जागचा हलला नाही की मग भर. मालकाला सांग, रिपोर्ट तयार नाही."

"बाबा, ही विल फायर मी!"

"मग तिकीट मी पाठवतो. घरी ये." मला त्या वेळी ते फार आवडले.

सईने तसं सांगितलं. मालकाने कुरकुरत आठवडा वाढवून दिला, आकडा थांबल्यावर बिअर प्यायली, आणखी अर्धा ग्लास मागून घेतला आणि नोकरीच्या कागदावर सही केली.

गेल्या वर्षी काका कुवेत सोडून कायमचे तिच्याकडे गेले. विमानतळावर मला रडू आवरेना. आता रिपीट करायला लावते म्हणून लॅबमधली नवी माणसं माझ्यावर चिडतात, आणि मला बरं वाटतं.

महिन्याभराने त्यांचा फोटो आला. हातात ग्लास, शेजारी सई, तोंड एरंडेल घेतल्यासारखं. खाली लिहिलं होतं, "पहिल्यांदाच घेतली. फार वाईट लागते. पोरीसमोर सगळी संपवली."