अंगावरची साडी

माझी मुलगी आता शाळेत जाते, आणि दुपारी झोप म्हटलं की अंगावर येते. सुटीच्या दिवशी जेवणं आटोपली की मी उगाच तिच्या शेजारी आडवी होऊन पाहते. ती सायकल काढून पसार होते. तिच्या दुपारच्या झोपेची मला अजून केवढी ओढ आहे, हे तिला सांगून कळायचं नाही. ती झोप माझ्या वाट्याला आलीच नाही, एक दुपार सोडली तर.

तेव्हा आम्ही सौंसरला भाड्याने राहत होतो. मी रामाकोन्याला शाळेत शिकवायची, नवरा रोज पांढुर्ण्याला जायचा आणि सासूसासरे तिगावला संत्र्याच्या बगिच्यात अडकलेले. त्यामुळे पोरगी नीट बसायला लागली तशी पाळणाघरात गेली. पाळणाघर म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका आजींचं मागचं अंगण. नोकरीवाल्या बायांची पाच-सहा लेकरं त्या सांभाळायच्या. घरात खोली होती, पंखा होता, पण दुपारी लेकरं झोपायची ती बाहेर, कडुनिंबाखाली. निंबाच्या फांदीपासून भिंतीपर्यंत एक लोखंडी पाइप टाकला होता आणि त्याला ओळीने झोळ्या. फक्त मे महिन्यात आणि झडीच्या दिवसांत त्या पडवीत यायच्या.

"कोंडलेलं लेकरू कुरकुर करते," आजी म्हणायच्या. "हवा लागली का गप पडते."

झोळी प्रत्येकाच्या आईच्या साडीची, हा त्यांचा कायदा होता. आणि अंगण गल्लीवरून दिसायचं, म्हणजे कोणाची साडी कशी हे सगळ्या सौंसरला दिसणार. मी आपली लग्नात आलेली, हिरवी, काठाची सुती साडी काढली, धुतली, खळ घातली, इस्त्री केली आणि पहिल्याच दिवशी ऐटीत घेऊन गेले. आजींनी ती नाकाला लावली आणि माझ्या हातात परत दिली.

"हे दुकानात लावाले आणलं काय, मॅडमबाई? अंगावरचं आण. दोन दिवस घाल, घाम लागू दे. लेकराले मायचा वास पायजे."

मी तीच साडी दोन दिवस नेसून फिरले आणि चुरगळलेली नेऊन दिली. पोरगी त्यात अशी झोपली, अशी झोपली, की आजी संध्याकाळी दारातच सांगायला उभ्या. मग रोजचंच झालं. मी बसमधून उतरून धावत जायची आणि आजी बातम्या द्यायच्या. आज झोपेत हसली. आज मूठ तोंडात घालून झोपली. आज पाय बाहेर काढून झोपली, किती वेळा आत घातला तरी काढे. मी ऐकायची आणि वरवर हसायची. खरं सांगते, जळायची मी. आजींवर नाही. त्या साडीवर. मी तिकडे फळ्यासमोर खडूत माखून उभी आणि माझी साडी इथे निंबाखाली माझ्या लेकराला पोटाशी घेऊन बसलेली!

रात्री ती माझ्याचजवळ झोपायची, पण रात्रीचं काय, तिच्या आधी मीच घोरायला लागायची. रविवारी मी कंबर कसायची. पडदे लावायची, थोपटायची, अंगाई म्हणायची. पोरगी माझं नाक ओढायची, बांगड्या वाजवायची, खदखदा हसायची. आई दिसली म्हणजे खेळायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं. दुपारपासून संध्याकाळपर्यंत ती टक्क जागी आणि मी रडकुंडीला. नवरा म्हणायचा, "नाही झोपत तर नाही, तू झोप." त्याला काय सांगणार? मला झोप नको होती. माझं लेकरू भर उजेडात माझ्या अंगावर निवांत झोपलेलं मला एकदा पाहायचं होतं.

एकदा शाळा लवकर सुटली. मी सरळ आजींच्या अंगणाशी गेले. झोपेच्या वेळी आयांना आत यायची बंदी होती. एक माय दिसली की सगळी पलटण उठते, असं आजींचं म्हणणं. मी भिंतीवरून डोकावले. हिरवी झोळी मंद हलत होती आणि तिच्यातून एक पाऊल बाहेर लोंबत होतं.

"आजी, नुसतं पाहू द्या," मी हळूच म्हणाले.

"आत्ताच डोळा लागला तिचा. मोठ्या मुश्किलीनं झोपून राहिली. जा, चहा पिऊन ये."

मी बसस्टँडवर जाऊन चहा घेतला. चहावाल्याने विचारलं, मॅडम, डोळ्यात काही गेलं काय? मी हो म्हटलं.

पोळ्याला आजी माहेरी, सावरगावला जायच्या. दुसऱ्या दिवशी तिथे गोटमार, नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीची जत्रा, म्हणजे आमच्या शाळेलाही सुटी. निघताना त्यांनी साडी पिशवीत घालून माझ्याकडे दिली. "बांधून पाह्य घरी. आता चालाले लागली, जास्त दिवस नाही राहत ते झोळीत." ते शेवटचं वाक्य माझ्या मनाला लागून राहिलं.

गोटमारीच्या दिवशी उघाड होती. दुपारी मी आमच्या अंगणात पेरूच्या फांदीला आणि खिडकीच्या गजाला झोळी बांधली, पोरीला आत घातलं आणि झोके देऊ लागले. ती आतून उभी राहिली. मला पाहून टाळ्या वाजवल्या. पुन्हा झोपवली, तशी भोकाड पसरलं. तिला कडेवर घेऊन मी झोळीला नाक लावलं. माझा वास कुठे होता त्यात? चुलीचा धूर होता, खोबरेल तेल होतं, निंब होता, आजींच्या तंबाखूचा वास होता. इतक्या महिन्यांत मला त्या साडीतून धुऊनच काढलं होतं जणू. असा संताप आला मला! साडी माझी, लेकरू माझं, आणि दोघं मिळून मलाच परकी करतात? मी गाठी सोडल्या, ओढून काढली ती साडी, आणि गाऊनवरच गुंडाळली, कशीही, चुण्या पडलेली, दुधाच्या डागांची. बाजेवर बसले आणि पोरीला मांडीत घेतलं.

तिने पदरात तोंड खुपसलं. एक हुंदका दिला. आणि झोपली.

मी श्वाससुद्धा जपून घेत होते. आत कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, मी उठले नाही. संध्याकाळी करपलेलं भांडं घासताना बोटं सोलली. फोन वाजला, वाजू दिला. पेरूच्या पानांतून ऊन तिच्या गालावर यायचं, तेव्हा मी हाताने आडोसा करायची. ती खरंच झोपेत हसत होती. ओठ चोखल्यासारखे हलत होते. पाय साडीतून बाहेर निघाला, मी आत घातला, तिने पुन्हा काढला. आजी सांगायच्या ते सगळं खरं होतं, आणि पहिल्यांदाच ते मला कोणी सांगत नव्हतं. माझ्या मांडीला मुंग्या आल्या, पाठ भरून आली. असंच बसून राहावं, उद्याची बस येऊच नये, असं वाटत होतं.

मग कुठेतरी कुत्रं भुंकलं आणि तिची झोप चाळवली. डोळे अर्धवट उघडले. माझ्याकडेच पाहत होती ती, पण अजून झोपेतच. मुठीत साडीचा काठ घट्ट धरून, अगदी समाधानाने तिने हाक मारली, "आजी."

'मी आहे गं, आई आहे,' हे अगदी ओठांवर आलं होतं. पण ते ऐकलं असतं तर ती उठली असती. मी आवाज जाड केला.

"हौ," मी म्हणाले. "हौ माय. झोप."

आणि ती झोपली.