आठपैकी चार तारा

चौऱ्याण्णव. सकाळी चौऱ्याण्णव, दुपारी चौऱ्याण्णव, राउटर बंद करून पाच मिनिटं देवाचं नाव घेऊन परत चालू केला तरी चौऱ्याण्णव. कधी ऐंशी यावेत, कधी एकशे दोन यावेत, म्हणजे यंत्राची निदान काही धडपड चालू आहे असं तरी वाटलं असतं. पण नाही. स्पीड टेस्टचा काटा त्या एकाच आकड्यावर येऊन असा ठाण मांडून बसायचा, की मला त्याचं तोंड बघवेना.

हे सगळं जूचंद्रच्या आमच्या घरातलं. खाली दोन खोल्या, वर एक. खालच्या पुढच्या खोलीत बाबांचा पलंग आणि वरची खोली म्हणजे माझं ऑफिस. इंटरनेटची लाईन बाबांच्या उशालगतच्या बुटक्या कपाटावर येते, तिथे मेश राउटरचा मुख्य डबा. मधला स्लॅब इतका जाड, की वायफाय वर पोचत नाही. म्हणून मुख्य डब्यातून एक केबल भिंतीतून, जिन्यातून वर येते आणि माझ्या टेबलावरच्या दुसऱ्या डब्यात शिरते. त्यातून एक छोटी केबल लॅपटॉपला. ही सगळी जोडणी बाबांनी स्वतः केलेली, पहिल्यांदा पडल्यानंतर, काठी टेकत, जिन्याच्या पायरीवर बसून. जन्म टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून गेला, त्यामुळे घरात तार ओढायला बाहेरचा माणूस येणं त्यांना अपमानासारखं वाटायचं. त्याच वेळी त्यांनी एक घंटीही बसवली. बटण त्यांच्या पलंगाच्या कडेला, घंटी माझ्या टेबलाखाली. "पुढं लागंल," म्हणाले होते.

लागली. सहा महिन्यांत ते दुसऱ्यांदा पडले, खुबा मोडला, आणि पलंगावरून उठणं संपलं. त्याला आता चार वर्षं झाली. मोबाईलच्या काचेवर त्यांची बोटं चालत नाहीत, पण बटण मात्र झकास दाबता येतं. पाणी हवं, पंखा कमी कर, खिडकी लाव, कोण आलंय बघ, टीव्हीवरचा तो माणूस गेला का बघ. कधी कधी नुसतंच. मी धावत खाली यावं आणि त्यांनी म्हणावं, "काय नाय. बगत होतो वाजते का." घंटी ऐकू येईल तेवढंच माझं जग. गल्लीच्या टोकाला भाजी घ्यायला गेले तरी कान घराकडे.

माझं काम सिनेमे आणि मालिका लोकांपर्यंत जाण्याआधी तपासायचं. आवाज ओठांच्या मागे पडतोय का, मधेच पडदा काळा होतोय का, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि लिहून कळवायचं. बसून सिनेमे बघायचा पगार घेते म्हणून वहिनी मला चिडवते. तिला सांगावंसं वाटतं, एकच रडण्याचा प्रसंग अकरा वेळा बघ आणि मग बोल. या कामासाठी अवाढव्य फायली आधी उतरवून घ्याव्या लागतात. म्हणून कंपनीचं पत्र आलं: घरून काम करणाऱ्यांना वायरवर कमीत कमी दोनशेचा वेग हवा, वायफाय चालणार नाही, शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत टेस्टचा स्क्रीनशॉट पाठवा. ज्यांना जमणार नाही त्यांनी पुढच्या महिन्यापासून ऐरोलीच्या ऑफिसात हजर व्हावं.

ऐरोली म्हणजे सकाळी अंधारात निघून रात्री घरी. तितका वेळ बाबा एकटे राहू शकत नाहीत. सांभाळायला बाई ठेवून बघितली होती. एक चार दिवस टिकली, दुसरी दोन. बाबांच्या तोंडापुढे कोण टिकणार? मग उरलं एकच, बाबांनी दादाकडे जायचं. दादा एव्हरशाईन सिटीत राहतो, सातव्या मजल्यावर. त्याचं नाव काढलं की बाबा भिंतीकडे तोंड करतात. "मी नाय जानार. तिथं मेलो तरी खाली आनायला लिफ्टची वाट बगावी लागंल." म्हणजे बाबा स्वतःच्या घरात राहणार की नाही, हे त्या स्क्रीनशॉटवर ठरणार होतं.

आता लाज सोडून सांगते. पत्र वाचल्यावर मी टेस्ट केली, चौऱ्याण्णव आले, आणि मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठून उभी राहिले. ऐरोली! दुसऱ्या माणसांच्या शेजारी बसून चहा प्यायचा. जेवायला उठायचं ते आपल्याला भूक लागली म्हणून. चार वर्षांत पहिल्यांदा मी मनातल्या मनात बाहेर घालायचे कपडे काढून ठेवले. आणि त्याच मिनिटाला टेबलाखाली घंटी वाजली. खाली गेले तर बाबांनी विचारलं, "काय पडला वर?" खुर्ची मागे पडली होती.

तसाच चौऱ्याण्णवचा फोटो पाठवून द्यायला काही हरकत नव्हती. पण मन खायला लागलं. दादाला कळवलं, तर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, सेटिंगमध्ये काहीतरी असेल. रिस्टार्ट केलंस का?" दिवसातून तीनदा फोन. चार वर्षांत त्याने बाबांची इतकी चौकशी केली नव्हती, जितकी त्या आठवड्यात राउटरची केली. मग मी छोटी केबल बदलली, डब्याचं भोक बदललं, राउटरचं सॉफ्टवेअर नवं केलं, लॅपटॉपमधले सगळे प्रोग्राम बंद केले. चौऱ्याण्णव. शेवटी हात टेकले आणि इंटरनेटवाल्याला बोलावलं.

तो शुक्रवारी सकाळी फुलपाड्याहून मोटरसायकलवर आला, घामाघूम, माझ्याच वयाचा. आधी खाली मुख्य डब्याला लॅपटॉप लावून बघितला, दोनशे नव्वदच्या वर. वर येऊन बघितला, चौऱ्याण्णव. परत खाली आला आणि डब्याच्या पाठीमागे बोट दाखवलं. "लाईन एकदम ओके है मॅडम. वर जाताना मार खाते. हा दिवा बघा, ऑरेंज आहे. ग्रीन पाहिजे. केबलमध्ये आठ तारा असतात, तुमच्या चारच बोलतायत. चार तारांवर शंभरच्या पुढे जातच नाही, मग कितीपण रिस्टार्ट मारा." नवीन केबल टाकावी लागेल, भिंत फोडावी लागेल, बुधवारी येतो, म्हणाला आणि गेला. मी त्याला दारापर्यंत सोडायला गेले ती जवळजवळ उड्या मारतच. बुधवार! मुदत आजची होती.

आत आले तर बाबा छताकडे बघत होते. "चारच जोडल्यात मी," म्हणाले. "बाकीच्या चार घंटीला घेतल्या."

मी पलंगाच्या कडेवर बसले. फोनला दोनच तारा लागतात आणि केबलमधली एक जोडी जरी रिकामी ठेवली तरी ती बाबांच्या लेखी नासाडी. उरलेल्या जोडीवर शेजारच्याचा फोन चढवायचा, हेच जन्मभर केलेलं. माझ्या नेटच्या केबलमध्ये आठ तारा बघितल्यावर त्यांनी हिशेबाने चार मला दिल्या आणि चार स्वतःला घेतल्या. इतकी वर्षं ती घंटी माझ्याच तारेतून मला हाका मारत होती.

"बाबा, तू आधी का नाय सांगितलास?" (आमच्याकडे बापाला अरेतुरेच करतात, लिहिताना मात्र हात आदराने वळतो.)

"तू विचारलास कदी? तू तर त्या फुलपाड्याच्याला विचारलास." मग म्हणाले, "घंटी काढ. पक्कड कपाटात हाय. मी सांगतो तसा कर."

बिनतारी घंटी बाजारात मिळते, दादा रविवारी आणेल, तोवर मोठ्याने हाक मारायची, असं ठरलं. खालचं टोक मी पलंगाजवळ स्टुलावर बसून केलं. केबल सोलली, आठ तारा सरळ केल्या, आणि बाबा उशीवरून क्रम सांगत गेले. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी. "थांब. ती तपकिरी हाय, नारिंगी नाय. डोले हायेत का बटना?" दोन हात लांबून त्यांनी माझी चूक पकडली. केबलच्या टोकाला लावायच्या दोन पिना वाया घालवल्यावर तिसरी नीट बसली. कित्येक महिन्यांत आम्ही दोघांनी मिळून काही केलं नव्हतं, आणि ते मला आवडलं हेही सांगायला हवं.

वरचं टोक एकटीने केलं. घंटी कापून टेबलावर ठेवली आणि केबल डब्यात खोचली. टेस्ट लावली. दोनशे ब्याण्णव. स्क्रीनशॉट घेतला. मग तशीच बसून राहिले. खोलीत पंख्याशिवाय आवाज नव्हता आणि टेबलाखालून काही वाजणार नव्हतं. चार वर्षांत अशी दहा मिनिटं मला मिळाली नव्हती. त्या दहा मिनिटांनी माझं डोकं फिरवलं.

खाली आले. "लागली?" बाबांनी विचारलं.

"नाही. चौऱ्याण्णवच. केबलच गेलीय बहुतेक."

बाबांनी मान वळवली आणि कपाटाच्या दिशेने बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. मग म्हणाले, "कागद घे. लिही. लाईन तपासली. वायर भितीत खराब. दुरुस्ती होनार नाय. खाली माझा नाव टाक, रिटायर लाइनमन. साहेब लोकांना लिहून दिलेला बरा असतो." मी खरंच लिहायला लागले. नोकरीत या माणसाने खोटा शेरा मारायचा नाही म्हणून साहेबांशी भांडणं केली होती, हे सगळ्या गावाला माहीत आहे. "आनि दादाला फोन कर. रविवारी घंटी नको म्हनावं, गाडी घेऊन ये. माझे कपडे दोन पिशव्यांत मावतील."

तेव्हा मी कपाटाकडे बघितलं. डब्याच्या पाठीमागचा दिवा हिरवा होता. भिंतीवर त्याचा हिरवा ठिपका पडला होता, बाबांच्या डोळ्यांच्या अगदी समोर.

"बाबा," मी म्हटलं, "दिवा."

"मना आता रंग नाय दिसत," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

मी वर गेले आणि दोनशे ब्याण्णवचा स्क्रीनशॉट पाठवून दिला. पाचाच्या आत उत्तर आलं, घरून काम मंजूर. मग मी दार लावून रडले, आणि ते काही प्रेमाने नव्हे. बाबांचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. ते ओरडले असते, मला खोटारडी म्हणाले असते, मी नाय जानार म्हणून अडून बसले असते, तर मी भांडून, पाय आपटत का होईना, ऐरोलीला गेले असते. त्यांनी स्वतःच पिशव्या भरायला घेतल्या आणि माझ्या जाण्याची वाट बंद झाली. हे त्यांनी मुद्दाम केलं का, ते मी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर ते खरं सांगतील, याचीच मला भीती वाटते.