चौथ्या ओळीचं पाणी

शाळेच्या मागच्या अंगणात त्या सकाळी नुसता कल्ला चालला होता. चवळीच्या शेंगा मोजायच्या होत्या! पाच ओळी, पाच वाण, आणि रोपं वर आल्यावर पाण्याचा थेंबही घालायचा नाही, अशी संशोधन केंद्राची सक्त ताकीद. कोणता वाण कोरड्यात तग धरतो ते वीस शाळांतली मुलं मोजून कळवणार होती, आणि जो सरस ठरेल त्याचं बी कोरडवाहू गावांत जाणार होतं.

"एकशे बारा! एकशे तेरा!" चौथ्या ओळीपाशी सातवीचा वर्ग नाचत होता. बाकीच्या ओळींकडे कुणी ढुंकूनही बघेना.

सफाईवाल्या मावशी मात्र झाडूचा दांडा घट्ट धरून भिंतीशी उभ्या होत्या. बावीस वर्षं या शाळेचे वर्ग, जिने, कुंड्या सगळं त्यांच्याच हातचं. एखादं रोप सुकलेलं दिसलं की कोरड यांच्या घशाला पडायची. ताकीद त्यांनीही ऐकली होती, पण चवळीनं माना टाकल्या आणि मावशींना राहवेना. शाळा सुटली की मुलांच्या बाटल्यांतलं उरलंसुरलं पाणी बादलीत जमवायचं आणि हळूच ओतायचं. ते एकाच ओळीला पुरायचं, चौथ्या. आपण मोठं पुण्य करतोय, असंच वाटत होतं मावशींना!

विज्ञानाच्या बाईंनी फोन काढला. "चौथा वाण पहिला! आत्ताच कळवते."

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. बोललं तर पोरांसमोर शोभा. न बोललं तर हे लाडावलेलं बी कुणाच्या तरी कोरड्या रानात जाणार, आणि तिथं बाटल्या रिकाम्या करायला मावशी नसणार.

"बाई, थांबा! चौथ्या ओळीला मी पाणी घातलंय. रोज. अर्धी बादली."

बाईंनी फोन खाली घेतला.

"मावशी, असं कसं केलंत हो?" शेंगा मोजणारी चष्मेवाली मुलगी रडकुंडीला आली.

"बघवेना गं मला."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "चौथी ओळ बाद. कारणासकट लिहा. बाकीच्या मोजा."

तोंडं पाडून मुलं बसली. पहिल्या ओळीत नऊ शेंगा, तिसरीत चार, पाचवीत अकरा. दुसरी ओळ तर पिवळी पडून जमिनीला टेकलेली. चष्मेवालीनं एक फांदी उचलली आणि किंचाळलीच, "बाई! इथं खाली बघा!"

शेंगा! बारीक, पण भरलेल्या. वीस. तीस. अख्खा वर्ग त्या ओळीवर तुटून पडला. सत्तेचाळीस!

चष्मेवालीनं गर्रकन वळून विचारलं, "मावशी, खरं सांगा. हिला किती घातलंत?"

मावशी पुढे आल्या. त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

"थेंबसुद्धा नाही गं, आईशप्पथ! ही तर मेलीच असं समजून सोडून दिली होती मी."